शेलचं माहेर शोधताना: वर्धा खोऱ्यात पहिलं काम करणाऱ्यांसाठी

चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या एखाद्या ओपनकास्ट खाणीत ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या, ढिगाजवळ उभे राहा आणि शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचा, एक राखाडी पापुद्रा उचला. नखाने सुटतो, बोटांत चुरा होतो, आणि भिंगातून पाहिलं तरी त्यात ओळखता येईल असा एकही कण दिसत नाही. शेजारच्या वाळूखडकात क्वार्ट्झ दिसतो, फेल्डस्पार दिसतो, अभ्रक चमकतं. त्यामुळे एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी बहुतेक जण वाळूखडक घेतात आणि शेल तसाच राहतो.

मला हे मनापासून खटकतं. पृथ्वीवरच्या गाळाच्या खडकांत निम्म्याहून जास्त वाटा शेल आणि पंकाश्माचा (पापुद्रे न सुटणाऱ्या चिखलखडकाचा) आहे. शिवाय चिखल इतका बारीक असतो की नदीच्या प्रवासात तो नीट कालवला जातो. वाळूची मूठ एखाद्या उपनदीची गोष्ट सांगेल, चिखलाची मूठ सगळ्या खोऱ्याची सरासरी सांगते. हा गाळ कुठल्या खडकाच्या झिजेतून आला आणि तो साठला तेव्हा जमिनीखाली काय घडत होतं, हे विचारायचं असेल तर शेलसारखा साक्षीदार नाही.

फक्त त्याला प्रश्न क्रमाने विचारावे लागतात. चिखलाची रासायनिक घडण पाच गोष्टींनी ठरते: मूळ खडक, विदारण (हवा-पाण्याने खडक कुजणं), वाहताना झालेली प्रतवारी, जुन्या गाळाचा पुनर्वापर, आणि गाडलं गेल्यावरचे बदल. नवशिका थेट पहिल्या गोष्टीकडे धावतो. मी उलट क्रमाने जायला सांगते. शेवटचे बदल आधी ओळखा, मग मागे मागे जात मूळ खडकापर्यंत पोहोचा. भूपट्टांची गोष्ट सगळ्यांत शेवटी.

खोऱ्याची कुंडली आधी मांडा

प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याआधी एका कागदावर लिहून काढा: गाळ साठला तेव्हा आसपास कोणकोणते खडक उघडे असू शकत होते?

वर्धा खोऱ्यातले गोंडवना थर मुख्यतः पर्मियन काळातले, म्हणजे साधारण ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीचे. तळाशी हिमनद्यांच्या काळातला तालचेर, त्यावर कोळशाचा बाराकर, वर कामठी. दख्खनचा बेसाल्ट आला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. तो या शेलचा जन्मदाता असूच शकत नाही. हे उघड वाटतं, पण विदर्भात डोळ्यांसमोर सगळीकडे काळा पाषाण असल्यामुळे शेलमध्ये जरा लोह-मॅग्नेशियम जास्त दिसलं की 'बेसाल्टचा गाळ' असं लिहिलेले अहवाल मी वाचलेले आहेत. इथे उमेदवार आहेत ते खालचे अतिप्राचीन आर्कियन काळातले नाइस आणि ग्रॅनाइट, त्यांच्यातले जुने मॅफिक (लोह-मॅग्नेशियम जास्त असलेले) पट्टे, आणि पैनगंगा गटाचे चुनखडक व शेल.

ही शेवटची दोन नावं विसरू नका. चंद्रपूरजवळ इरई इथे पैनगंगा चुनखडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत, आणि त्यावर तालचेरचा गोटेथर बसलेला आहे. बर्फाने चुनखडक खरवडला तर त्याची पूड कुठेतरी गेलीच असणार. ही पूड पुढे आकडेमोडीत आपल्याला भेटेल.

नमुना: ताजा, पुरेसा आणि नोंदीसकट

पृष्ठभागावरचा पिवळट, गंजलेला थर काढून टाका. वीसेक सेंटिमीटर आत गेल्यावर रंग बदलतो आणि पापुद्रे घट्ट होतात, तिथून घ्या. खाणीत नुकती उघडी पडलेली भिंत मिळाली तर उत्तमच, पण परवानगी आणि हेल्मेटशिवाय भिंतीपाशी जायचं नाही आणि ओबीच्या ढिगातला सुटा तुकडा उचलायचा नाही, कारण तो कुठल्या थराचा हे कोणीच सांगू शकत नाही. एका जागी अर्धा ते एक किलो पुरतो.

जागेवरच तीन गोष्टी करा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का पाहा. पायराइटचे सोनेरी ठिपके शोधा. आणि कणभर शेल पुढच्या दातांमध्ये घासा: कचकच लागली तर त्यात सिल्ट (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) आहे, लोण्यासारखा वाटला तर चिकणमाती. हे ऐकून नवीन मुलं तोंड वाकडं करतात, पण सिल्ट आणि चिकणमातीत फरक करणारी इतकी झटपट चाचणी दुसरी नाही. हा फरक महत्त्वाचा आहे कारण झिरकोनियम सिल्टमध्ये गोळा होतं आणि ॲल्युमिना चिकणमातीत. दोन्ही प्रकारांचे नमुने न सांगता एकत्र केले तर आलेखावर दिसणारा कल हा फक्त कणांच्या आकाराचा असेल.

एकाच थरातून एक नमुना घेऊन थांबू नका. थरांच्या उभ्या छेदात खालपासून वरपर्यंत घ्या. कल दिसायला निदान पंधरा-वीस नमुने हवेत.

दळण: इथे मी स्वतः फसले

माझ्या पहिल्या कामात क्रोमियमचे आकडे काही नमुन्यांत ३०० पीपीएमच्या (दहा लाखांत ३०० भागांच्या) वर आले. सरासरी शेलमध्ये ते ११० च्या आसपास असतं. मी आनंदाने अल्ट्रामॅफिक (लोह-मॅग्नेशियम फारच जास्त असलेल्या) खडकांवर अर्धं पान लिहून काढलं. आठवडाभराने लक्षात आलं की निकेल मात्र जागचं हललेलं नाही. अल्ट्रामॅफिक खडक खरंच झिजला असता तर दोन्ही एकत्र वाढले असते. मग नमुन्यांची यादी पुन्हा पाहिली. सर्वांत जास्त क्रोमियम होतं सर्वांत टणक, सिल्टने भरलेल्या नमुन्यांत. ते जास्त वेळ दळावे लागले होते, आणि दळणाचं भांडं क्रोम-स्टीलचं होतं. त्याच भांड्यात शुद्ध क्वार्ट्झ दळून तपासलं तेव्हा क्वार्ट्झमध्येही क्रोमियम निघालं. सगळे नमुने पुन्हा दळावे लागले.

तेव्हापासून माझा नियम: ट्रेस (अत्यल्प प्रमाणातल्या) मूलद्रव्यांसाठी अकीकाचं भांडं. टंगस्टन कार्बाइडमधून टंगस्टन आणि कोबाल्ट येतं, स्टीलमधून लोह आणि क्रोमियम. अकीकातून आली तर थोडी सिलिका येते, ती चालते. दोन नमुन्यांच्या मध्ये क्वार्ट्झ दळून भांडं साफ करा, आणि एक क्वार्ट्झची पूड नमुना म्हणूनच विश्लेषणाला पाठवा.

खनिजं आधी: एक्सआरडी

रसायन हाती आलं की खनिजांकडे कोणी बघत नाही, म्हणून एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) आधी करा.

संपूर्ण पुडीचा एक स्कॅन घ्या. त्यात क्वार्ट्झ (अणुथरांतलं अंतर ३.३४ अँगस्ट्रॉम), फेल्डस्पार, कॅल्साइट, सिडेराइट, पायराइट कळतात. मग चिकणखनिजांसाठी २ मायक्रॉनहून बारीक भाग वेगळा करा. कार्बोनेट सौम्य ॲसेटिक आम्लाने, सेंद्रिय भाग हायड्रोजन पेरॉक्साइडने काढा, ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा आणि उभ्या नळकांड्यात ढवळून ठेवा. २० अंश तापमानाला २ मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली जायला सुमारे ८ तास घेतो. म्हणजे ४ तासांनी वरच्या ५ सेंटिमीटरमध्ये जे तरंगतंय ते आपलं. पिपेटने काढून काचपट्टीवर पसरा आणि हवेत वाळू द्या. पंख्याखाली ठेवू नका, थर तडकतो.

एकाच काचपट्टीचे तीन स्कॅन: वाळलेली, ग्लायकॉलच्या वाफेत ठेवलेली, आणि ५५० अंशांना तापवलेली.

चिकणखनिजांपैकी इलाइट १० अँगस्ट्रॉमला दिसतं आणि तिन्ही वेळा तिथेच राहतं. स्मेक्टाइट ग्लायकॉल पिऊन १७ पर्यंत फुगतं आणि तापवल्यावर १० वर कोसळतं. क्लोराइट १४ वर ठाम. केओलिनाइट ७.१५ वर, तापवल्यावर नाहीसं होतं. घोटाळा होतो तो केओलिनाइट आणि क्लोराइटचा, कारण क्लोराइटची दुसरी रेषाही ७ च्या जवळच पडते. तांब्याच्या क्ष-किरण नळीवर २४ आणि २६ अंशांच्या मध्ये हळू स्कॅन घ्या. केओलिनाइटची ३.५८ आणि क्लोराइटची ३.५४ अँगस्ट्रॉमची रेषा तिथे वेगळी होते.

आता अर्थ. पाठ्यपुस्तकी उत्तर असं: केओलिनाइट म्हणजे उष्ण, दमट, पाण्याचा निचरा होणारी जमीन. इलाइट आणि क्लोराइट म्हणजे थंड किंवा कोरडा प्रदेश, जिथे खडक फुटतो पण कुजत नाही. स्मेक्टाइट म्हणजे बहुधा बेसाल्ट. आजच्या नद्यांत हे स्वच्छ दिसतं. गोदावरी आणि कृष्णा दख्खनच्या काळ्या मातीतून बंगालच्या उपसागरात स्मेक्टाइट नेतात, तर हिमालयातून येणारा गाळ इलाइट आणि क्लोराइटने भरलेला असतो. अरबी समुद्राच्या बाजूलाही तापी-नर्मदेचा चिखल आणि सिंधूचा चिखल याच खुणेने वेगळे ओळखता येतात.

जुन्या शेलमध्ये मात्र दोन सापळे आहेत. एक, खोल गाडल्यावर साधारण ६० ते १२० अंशांदरम्यान स्मेक्टाइट पोटॅशियम घेऊन हळूहळू इलाइट बनतं, त्यामुळे जुन्या शेलमधलं इलाइट हवामानाबद्दल काहीच सांगत नसेल. दुसरा सापळा खास कोळशाच्या थरांचा. दलदलीतलं आम्लयुक्त पाणी फेल्डस्पार खाऊन जागच्या जागी केओलिनाइट तयार करतं. बाराकरच्या शेलमध्ये केओलिनाइट भरपूर मिळालं तर ते डोंगरावरून वाहून आलं की दलदलीत जन्मलं, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवा. जागीच वाढलेल्या केओलिनाइटची पानं पुस्तकाच्या गठ्ठ्यासारखी नेटकी रचलेली दिसतात.

आणि खाणीच्या वरच्या भागात, बेसाल्ट किंवा काळ्या मातीच्या लगतच्या थरात स्मेक्टाइट दिसलं, तर ते पर्मियनचं मानण्याआधी भेगांतून झिरपलेलं आहे का ते तपासा.

विदारणाचा हिशेब: सीआयए

मुख्य ऑक्साइडं एक्सआरएफने (क्ष-किरण प्रतिदीप्तीने) वितळवलेल्या काचमण्यावर मोजा. कोळसायुक्त शेलमध्ये जळून जाणारा भाग मोठा असतो, म्हणून तो वगळून उरलेल्या ऑक्साइडांची बेरीज १०० करून घ्या, नाहीतर दोन नमुन्यांची तुलना होणारच नाही.

नेस्बिट आणि यंग यांनी १९८२ मध्ये मांडलेला रासायनिक विदारण निर्देशांक, म्हणजे सीआयए, सोपा आहे. फेल्डस्पार कुजताना कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम वाहून जातात आणि ॲल्युमिना मागे राहतं. म्हणून ॲल्युमिनाला चौघांच्या बेरजेने भागायचं आणि १०० ने गुणायचं. हिशेब वजनाचा नाही, रेणूंचा.

एकदा हाताने करून पाहा. 'पास' या नावाने ओळखली जाणारी ऑस्ट्रेलियन शेलची सरासरी जगभर तुलनेसाठी वापरतात. तिची वजनी टक्केवारी रेणुभाराने भागू:

ॲल्युमिना: १८.९ ÷ १०१.९६ = ०.१८५४
कॅल्शियम ऑक्साइड: १.३ ÷ ५६.०८ = ०.०२३२
सोडियम ऑक्साइड: १.२ ÷ ६१.९८ = ०.०१९४
पोटॅशियम ऑक्साइड: ३.७ ÷ ९४.२० = ०.०३९३

असंच भागलं तर सीआयए ६९.४ येतो. पण सूत्रातलं कॅल्शियम फक्त सिलिकेट खनिजांतलं हवं. फॉस्फरस पेंटॉक्साइड ०.१६ टक्के आहे. त्याचे रेणू ०.००११, त्याला दहा-तृतीयांशने गुणून ॲपेटाइट या कॅल्शियम-फॉस्फेट खनिजाचा वाटा ०.००३८ वजा केला की कॅल्शियम ०.०१९४ उरतं. हे सोडियमइतकंच आहे, म्हणून तसंच ठेवायचं. सोडियमपेक्षा जास्त उरलं असतं तर सोडियमचाच आकडा कॅल्शियमसाठी धरायचा, असा भूरसायनतज्ज्ञ मॅक्लेननचा व्यवहारी नियम आहे. आता सीआयए ७०.४.

फरक एकाचाच आहे, मग एवढी उठाठेव कशाला? समजा याच शेलमध्ये कॅल्साइटमुळे कॅल्शियम ऑक्साइड ६ टक्के झालं आणि तुम्ही ते वजा केलं नाही. रेणू ०.१०७०, आणि सीआयए थेट ५३ वर. ताजा ग्रॅनाइट साधारण ५० च्या आसपास असतो. म्हणजे चांगला कुजलेला चिखल कागदावर बर्फाळ प्रदेशातला होऊन बसला. तालचेरमध्ये ही चूक फार धोक्याची आहे, कारण तिथे हिमनदी होती हे आपल्याला आधीच माहीत असतं. कमी आकडा आला की आपण खूश होतो आणि चुनखडकाची ती पूड वजा करायची राहून जाते. खाणीत जागेवर आम्लाने फेस आला असेल तर वहीतली ती नोंद आता उघडा.

यानंतर ॲल्युमिना, कॅल्शियम-अधिक-सोडियम आणि पोटॅशियम यांच्या त्रिकोणी आलेखावर बिंदू टाका. साधं विदारण झालं असेल तर बिंदू ॲल्युमिना आणि कॅल्शियम-सोडियम यांना जोडणाऱ्या बाजूला जवळजवळ समांतर, ॲल्युमिनाच्या टोकाकडे वर सरकतात. ते पोटॅशियमच्या टोकाकडे कललेले दिसले तर गाडलं गेल्यावर बाहेरून पोटॅशियम आलं आहे आणि तुमचा सीआयए खऱ्यापेक्षा कमी दिसतोय. बिंदूंची रेषा खाली फेल्डस्पारच्या जोडरेषेपर्यंत वाढवली की मूळ खडकाचा पहिला अंदाज मिळतो.

हा चिखल किती वेळा वापरलेला आहे?

थोरियम भागिले स्कँडियम एका अक्षावर, झिरकोनियम भागिले स्कँडियम दुसऱ्या अक्षावर. थोरियम ग्रॅनाइटी खडकांत जमतं, स्कँडियम बेसाल्टी खडकांत, म्हणून पहिलं गुणोत्तर मूळ खडक सांगतं. झिरकोनियम ज्यात असतं ते झिर्कॉन खनिज मात्र अमर आहे. गाळ पुन्हा पुन्हा झिजून साठला की ते साचत जातं. दोन्ही गुणोत्तरं एकत्र वाढत असतील तर फरक मूळ खडकाचा, फक्त झिरकोनियमचं वाढत असेल तर पुनर्वापराचा. 'पास'साठी ही गुणोत्तरं सुमारे ०.९ आणि १३ आहेत. पैनगंगा गटातले जुने शेल झिजून गोंडवनात आले असतील तर त्याचा माग इथेच लागायला हवा.

एक्सआरएफवर दहा-वीस पीपीएम स्कँडियमचा आकडा भरवशाचा नसतो, तो आयसीपी-एमएसवर (प्लाझ्मा वस्तुमान वर्णपटमापकावर) घ्या. आणि आयसीपी-एमएससाठी उघड्या भांड्यात आम्लाने विरघळवलं तर झिर्कॉन तळाशी तसाच राहतो. तपासायची सोपी युक्ती: दोन्ही यंत्रांचे झिरकोनियमचे आकडे शेजारी ठेवा. आयसीपीचा बराच कमी असेल तर जड दुर्मिळ मृदा मूलद्रव्यंही (लँथॅनमच्या गटातली) कमी आली आहेत असं समजा आणि वितळवून किंवा दाबाच्या भांड्यात पुन्हा विरघळवा. प्रत्येक खेपेसोबत अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा एखादा प्रमाणित शेल, एससीओ-१ किंवा एसबीसी-१, लावलाच पाहिजे.

आता मूळ खडक

सगळ्यांत साधं साधन ॲल्युमिना आणि टायटॅनियाचं (टायटॅनियम ऑक्साइडचं) गुणोत्तर, कारण दोन्ही पाण्यात सहजी विरघळत नाहीत. ३ ते ८ असेल तर मूळ खडक मॅफिक, ८ ते २१ मध्यम, २१ ते ७० फेल्सिक (ग्रॅनाइटसारखा सिलिकायुक्त). 'पास' १८.९ वर बसतो. पाण्याच्या प्रवाहाने इल्मेनाइटसारखे टायटॅनियमचे जड कण वेगळे केले तर हे गुणोत्तर हलतं, म्हणून सिल्टचे नमुने वेगळे पाहा.

दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा आलेख मला सर्वांत विश्वासाचा वाटतो. उल्केच्या प्रमाणाने भागल्यावर हलक्या बाजूला उंच, जड बाजूला सपाट आणि मध्ये युरोपियमचा खड्डा, अशी आकृती ग्रॅनाइटी कवचाची. 'पास'मध्ये हा खड्डा ०.६६ चा आहे. खड्डा उथळ आणि रेषा सपाट होत गेली तर मॅफिक वाटा वाढला. वर्धा खोऱ्यात तसं दिसलं तर जुन्या क्रेटॉनमधले (खंडाच्या स्थिर, प्राचीन गाभ्यातले) मॅफिक पट्टे तपासा. क्रोमियम १५० च्या वर, निकेल १०० च्या वर आणि दोघांचं गुणोत्तर १.३ ते १.५ असेल, तरच अल्ट्रामॅफिकचं नाव घ्या. माझ्या बिघडलेल्या नमुन्यांत हे गुणोत्तर ६ च्या पुढे होतं. ते आधी काढलं असतं तर आठवडा वाचला असता.

काळ्या शेलमध्ये युरेनियम, व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम ही ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातून येतात. मूळ खडकाच्या चर्चेत त्यांना घेऊ नका.

भूपट्टांची गोष्ट, हात राखून

भाटिया यांचे १९८३ चे आलेख, रोझर आणि कोर्श यांचा १९८६ चा सिलिका आणि पोटॅशियम-सोडियम गुणोत्तराचा आलेख, हे सगळे प्रबंधांत वापरतात. ते कुठून आले ते लक्षात ठेवा: पहिले पूर्व ऑस्ट्रेलियाच्या वाळूखडकांवरून, दुसरा मुख्यतः न्यूझीलंडच्या ग्रेवॅक (चिखलमिश्रित वाळूखडक) आणि पंकाश्मांवरून. शेलमध्ये सिलिका मुळातच कमी, त्यामुळे वाळूखडकासाठी आखलेल्या सीमांमध्ये शेल टाकला की तो आपोआप ज्वालामुखी बेटांच्या बाजूला सरकतो. वर्मा आणि आर्मस्ट्राँग-अल्ट्रिन यांनी २०१३ मध्ये कमी सिलिका (३५ ते ६३ टक्के) आणि जास्त सिलिका (६३ ते ९५ टक्के) असे वेगवेगळे आलेख दिले, ते चाप (ज्वालामुखींची कमान), रिफ्ट (खंड ताणून खचलेला पट्टा) आणि खंडांची टक्कर यांत फरक करतात. शेलसाठी मी तेच आधी वापरते.

त्यातही उत्तर हे गाळ साठला त्या जागेचं असतंच असं नाही. बहुतेक वेळा ते मूळ खडक घडले त्या जागेचं असतं. वर्धा खोरं म्हणजे जुन्या, शांत क्रेटॉनमध्ये प्रस्तरभंगांनी खचलेला पट्टा. रोझर-कोर्शच्या आलेखावर त्याचा गाळ 'निष्क्रिय किनारा' या चौकटीत पडला तर तिथे समुद्रकिनारा होता असं लिहू नका. त्या चौकटीत स्थिर खंडांच्या आतली खोरीही येतात. खोरं रिफ्ट आहे हे प्रस्तरभंग, थरांची अचानक वाढणारी जाडी आणि नकाशा सांगतो. रसायन त्याला फार तर दुजोरा देईल.

म्हणून शेलच्या शेजारचा वाळूखडकही थोडा घ्या. त्यातल्या तिरप्या थरांवरून जुन्या प्रवाहाची दिशा मोजा, आणि जमलं तर झिर्कॉनचं युरेनियम-शिसे वय करून घ्या. शेल म्हणाला ग्रॅनाइट, तर कुठला ग्रॅनाइट, हे ठरवायला वय आणि दिशा लागतात.

अहवालात प्रत्येक निष्कर्षापुढे तो कुठल्या आकड्यावर उभा आहे ते लिहा. कॅल्शियमची दुरुस्ती कशी केली, दळणाचं भांडं कुठलं होतं, कुठले नमुने वगळले आणि का, हेही लिहा. उरलेली पूड घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. लेबल बाटलीवर लावा, झाकणावर नको, झाकणं अदलाबदल होतात. अर्धा न फोडलेला तुकडा वेगळ्या पिशवीत जपून ठेवा. क्रोमियमचा आकडा खटकला तेव्हा पुन्हा दळायला माझ्याकडे तोच अर्धा तुकडा होता.